सासूबाई कुणाच्या चुलीवर

एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, असं सरकारी पत्रकात छापून आलं आणि आठवड्याच्या आत कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याकडच्या सगळ्या शेगड्या संपल्या. भांडीवाल्याला आधी वाटलं, गल्लीत एकदम लग्नं निघाली असतील. मग कळलं की लग्नं नव्हेत, वाटण्या निघाल्या आहेत, आणि त्याही दोन्ही बाजूंच्या राजीखुशीनं.

त्याचं असं झालं होतं. गल्लीतल्या भाडेकरूंनी मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. जमीन सरकार देणार, बांधकामाचा मोठा खर्च सरकार उचलणार, उरलेला सभासदांनी हळूहळू फेडायचा. अट एवढीच की कुटुंबं चोवीस हवीत. एक जरी कमी भरलं तरी अनुदान नाही. गल्लीत बिऱ्हाडं होती सतरा. पण त्यातल्या सात बिऱ्हाडांत दोन-दोन भाऊ एकत्र नांदत होते. सतरा आणि सात चोवीस, हा हिशेब पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आला असेल तर तो त्यातल्याच एका घरातल्या दोन जावांपैकी धाकटीच्या. आणि तिथूनच थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

खरं सांगायचं तर दुखणं जुनंच होतं, निमित्त नवं होतं. थोरली आठ वर्षांपूर्वी या घरात आली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करायची आणि घरी येऊन सहा माणसांचा स्वयंपाक एकहाती करायची. धाकटी तीन वर्षांपूर्वी आली. ती वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट. बोलायला गोड, अर्ज लिहायला तरबेज, आणि स्वयंपाकात शून्य. संस्थेची पत्रं तीच टाइप करायची, सरकारी कचेरीत तीच खेटे घालायची. संस्थेचे सेक्रेटरी, म्हणजे गल्लीतले निवृत्त पोस्टमन, जो भेटेल त्याला सांगायचे, "पोरीनं सोसायटी उभी केली हो!" संस्थेच्या वहीत सगळ्यात पहिलं नाव थोरलीनं दिलं होतं, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. तिच्या मात्र होतं.

तर घरात दुसरी शेगडी आली. स्वयंपाकघर तेच, दहा पावलांचं. धाकटीनं सुचवलं, "शेगड्या दोन मांडू, दाखवण्यापुरत्या. जेवण आपलं एकत्रच होऊ दे ना, ताई."

"दाखवण्यापुरतं काही नको," थोरली म्हणाली. "तपासायला कधी येतील नेम नाही. वेगळं म्हणजे वेगळं."

असं म्हणून तिनं खडू घेतला आणि मोरीपासून दारापर्यंत फरशीवर सरळ रेघ ओढली. डाव वाटले, पातेली वाटली, तिखटमिठाचे डबेसुद्धा वाटले. तोंडानं सरकारी नियम सांगत होती, पण मनात हसत होती. आता कळेल बाईसाहेबांना, टायपिंग करून भाजी शिजत नाही ते. दोन दिवसांत हात टेकेल, आणि मग ताई, ताई करत रेघ ओलांडून येईल. तेव्हा काय बोलायचं, तेही थोरलीनं ठरवून ठेवलं होतं.

पण त्याच संध्याकाळी सासूबाईंनी आपला पाट उचलला आणि रेघेच्या पलीकडे नेऊन ठेवला.

"मी धाकटीकडे जेवेन म्हणते," त्या म्हणाल्या. जणू आज जरा उकडतंय म्हणाव्या, इतक्या सहज.

थोरलीच्या हातातला डाव हातातच राहिला. आठ वर्षं. आठ वर्षं तिनं या बाईला स्वयंपाकघरात इकडची काडी तिकडे करू दिली नव्हती. पाट मांडून, पाणी भरून, गरम ताट समोर ठेवलं होतं. दुखण्यात मऊ करून भरवलं होतं. आणि जिला कांदा परतायचा कुठवर हे कळत नाही, तिच्याकडे या निघाल्या! थोरलीनं आपल्या बाजूची ताटं वाढायला घेतली. बोलली असती तर बरं झालं असतं, पण ती बोलणाऱ्यांतली नव्हती, मनात शिजवणाऱ्यांतली होती.

यात आणखी एक मेख होती. नव्या इमारतीला तीन मजले, लिफ्ट नाही. ज्या कुटुंबात साठीच्या पुढचं माणूस असेल त्याला तळमजल्याचं घर मिळणार होतं, आणि तळमजल्याच्या प्रत्येक घरामागे मातीचा पट्टा होता. नकाशात तो बोटाएवढा दिसायचा. थोरलीनं नकाशा पाहिला त्या दिवसापासून तो पट्टा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. जिन्याच्या कठड्याला तेलाचे रिकामे डबे बांधून तिनं मिरच्या लावल्या होत्या, टोमॅटो लावले होते, आणि एका डब्यात बी टाकून वाढवलेलं लिंबाचं झाड होतं. पाच वर्षांत ते गुडघ्याच्या वर गेलं नव्हतं. त्याला माती हवी होती, आणि तिलाही.

म्हणजे आता सासूबाई धाकटीकडे, तळमजला धाकटीकडे, माती धाकटीकडे. धाकटीला साधा कोथिंबिरीचा दाणा कधी रुजवता आला नव्हता! थोरली रात्रंदिवस जळत राहिली. इस्त्री करताना दोन चादरी करपल्या तेव्हा मुकादमीण म्हणाली, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष त्या पट्ट्यावर होतं.

कुटुंबाचा फॉर्म भरायचा दिवस आला तेव्हा धाकटीनं दोन्ही फॉर्म टाइप करून आणले. "ताई, नीट वाचून सही करा हं," ती म्हणाली, आणि काहीतरी गुपित असल्यासारखी हसली. थोरलीला ते हसू झोंबलं. माझी जागा माझ्याच हातानं तुझ्या नावावर करायची आणि वर वाचूनही बघायची? तिनं कागदाकडे ढुंकूनही न बघता सही ठोकली आणि कागद रेघेपलीकडे सरकवला. तिच्या नवऱ्यानं शांतपणे वाचून सही केली. तो गॅरेजात मेकॅनिक. गाडीचा आवाज ऐकून दुखणं ओळखायचा, पण बायकोचा आवाज बंद झालेला त्याला कधी ऐकू आला नाही.

महिनाभर दोन चुली चालल्या. आणि थोरलीनं ठरवलं होतं त्यातलं काहीएक घडलं नाही. पहिल्या दिवशी धाकटीची भाजी करपली, दुसऱ्या दिवशी भाताची खीर झाली. इथवर सगळं थोरलीच्या मनासारखं चाललं होतं. पण तिसऱ्या दिवशी सासूबाई पाटावरून उठल्या, धाकटीच्या हातातला डाव काढून घेतला आणि म्हणाल्या, "सर बाजूला. तेल तापलंय का बघ आधी. कानानं बघ, डोळ्यानं नाही." मग रोज संध्याकाळी रेघेपलीकडे शाळा भरायला लागली. म्हातारी शिकवतेय, पोरगी चुकतेय, दोघी खिदळताहेत. सासूबाईंचा आवाज इतका मोठा आहे हे थोरलीला आठ वर्षांत कळलं नव्हतं. अलीकडे ती एकटी, पाठ करून, आपली सुरेख भाजी ढवळत उभी.

त्यात तिची सहा वर्षांची लेक एक दिवस पलीकडे जेवून आली.

"काकूची भाजी कशी होती?" थोरलीनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जरा करपट होती."

"बरं."

"पण मजा आली," पोर म्हणाली. थोरलीनं त्या रात्री आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

तपासणीवाली बाई आली ती भर दुपारी, न सांगता. चष्मा, कापडी पिशवी, हातात फॉर्मांचा गठ्ठा. थोरलीची त्या दिवशी सुट्टी होती. धाकटी कचेरीत होती. सासूबाई धाकटीच्या शेगडीजवळ उभ्या राहून भाजी परतत होत्या. बाईंना दारात बघताच त्यांनी डाव खाली ठेवला, पाट उचलला आणि गुडघे धरत लगबगीनं रेघ ओलांडून थोरलीच्या बाजूला येऊन बसल्या.

थोरलीनं ते बघितलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी महिनाभर पाठ फिरवून बसायचं आणि परक्या माणसासमोर मात्र थोरल्या सुनेच्या पंक्तीला! लोकलाज म्हणतात ती हीच.

बाईंनी पदर सावरत आधी थोरलीच्या शेगडीला हात लावला. मग धाकटीच्या. "दोन्ही तापल्यात. छान. पलीकडच्या घरात दुसरी शेगडी खोक्यातून काढलीच नव्हती. मीच काढून दिली." त्या दमून स्टुलावर बसल्या. "आणि तळमजल्यासाठी तर लोक म्हातारी माणसं उसनी आणतात हो. मागच्या वस्तीत एकच आजोबा मला तीन घरांत भेटले. तिसऱ्या घरात त्यांनीच मला चहा विचारला."

थोरली हसली. बाई बऱ्या वाटल्या तिला. बाईंनी गठ्ठ्यातून दोन फॉर्म काढले आणि पेनाचं टोपण उघडलं.

"आजी कुणाकडे जेवतात?"

"हिच्याकडे," सासूबाई झटकन म्हणाल्या. "या माझ्या थोरल्या सुनेकडे. पहिल्यापासून."

आता इथं थोरली गप्प बसली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. धाकटीची चूल खोटी आहे असं सांगण्याइतकी ती वेडी नव्हती. तेविसावर आलं तर सगळ्यांचंच घर गेलं असतं. पण हे एवढं खरं बोलायला काय हरकत होती? महिनाभराचं तुंबलेलं पाणी दार उघडं मिळताच धावलं.

"आई, खोटं कशाला बोलता?" ती म्हणाली. "बाई, या माझ्याकडे जेवत नाहीत. महिना झाला, यांनी माझ्या हातचा घास खाल्ला नाही. धाकटीकडे जेवतात. चालत नाही त्यांना माझ्या हातचं!"

"अगं..." सासूबाई म्हणाल्या.

"आता का अगं? ती भाजी कुणाची आहे? तो डाव कुणाचा आहे? विचारा की त्यांना, बाई. सरकारी काम आहे, सगळं खरं खरं लिहून घ्या."

बाईंनी चष्मा वर सरकवला. एका फॉर्मकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. मग थोरलीकडे असं काही बघितलं, की तिला पहिल्यांदाच शंका आली.

"पण फॉर्मवर आजी तुमच्या कुटुंबात आहेत," बाई म्हणाल्या. "तळमजला तुमच्या नावावर लागलाय. ही सही तुमचीच ना?"

थोरलीनं कागद हातात घेतला. सुबक टाइप केलेला. तिचं नाव, नवऱ्याचं, लेकीचं, आणि चौथ्या ओळीत सासूबाईंचं. खाली तिची सही, रागानं कागदात रुतलेली.

"मी... वाचलं नव्हतं," ती म्हणाली.

"आजी, आता तुम्हीच खरं सांगा. कुठं जेवता?"

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. मग पलीकडे शिजत असलेल्या भाजीकडे. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती.

"तिकडे," त्या म्हणाल्या.

बाईंनी चौथी ओळ खोडली, दुसऱ्या फॉर्मवर हातानं लिहिली, शेजारी बारीक सही केली आणि दोन्ही ठिकाणी थोरलीची सही मागितली. थोरलीनं या वेळी वाचून सही केली. "वाईट वाटून घेऊ नका," जाता जाता बाई म्हणाल्या, "इतकं खरं बोलणारं माणूस मला आख्ख्या वस्तीत भेटलं नाही."

बाई गेल्या. पलीकडची भाजी खाली लागायला लागली होती. थोरली यंत्रासारखी रेघ ओलांडून गेली आणि तिनं शेगडी बंद केली.

"माझं नाव तुझ्याकडे घालायला मीच सांगितलं होतं तिला," सासूबाई पाटावरून म्हणाल्या. "तुझं ते लिंबू डब्यात खुरटलंय, रोज बघते मी. म्हटलं, किल्ली हातात आली की कळेल हिला."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, उपकार नकोत."

म्हणाली असती. त्यात काही खोटं नव्हतं. पण थोरलीचा खरा काटा वेगळाच होता, आणि तो आता बाहेर आला. "मग जेवायला तिच्याकडे का गेलात? मी काय कमी केलं होतं? सांगा ना, काय कमी केलं होतं मी?"

सासूबाईंनी गुडघे चोळले.

"कमी काहीच नाही केलंस," त्या म्हणाल्या. "तेच ना. आठ वर्षं नुसतं ताट येतंय पुढं. चव बघा म्हणून कधी चमचाभर पुढं केलं नाहीस. तुझ्या मिठाला बोट लावायला जागा नाही, पोरी. चाळीस वर्षं मी या घराला रांधून घातलं, आणि तू आलीस त्या दिवशी मी पाहुणी झाले. तिकडे सगळं करपतं. तिकडे मी लागते."

थोरलीनं त्याला मान म्हटलं होतं, आराम म्हटलं होतं. सासूबाई त्याला काय म्हणत होत्या हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी नवरा आला, त्यानं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तू वाचलं नव्हतंस?" धाकटी तर रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, मी उद्या कचेरीत जाऊन बदलून आणते." ती गेलीही. पण तपासणीत डोळ्यांनी बघितलेलं आणि सभासदानं स्वतः सांगितलेलं बदलता येत नाही, असं तिला तिथं सांगण्यात आलं. हा नियम संस्थेच्या विनंतीवरूनच घातला होता. विनंतीचं पत्र तिनंच टाइप केलं होतं.

दीड वर्षात इमारत उभी राहिली. धाकटीला तळमजला, थोरलीला तिसरा मजला. वारा भन्नाट. पहिल्याच महिन्यात मिरच्या मोडल्या, टोमॅटो आडवे झाले. लिंबाच्या डब्याला तिनं आडोसा केला, पण पानं गळायला लागली तेव्हा नाइलाजानं तो कडेवर घेऊन ती तीन मजले उतरली. धाकटीनं मागच्या दाराशी खड्डा खणून ठेवला होता. वेडावाकडा, पण खणलेला.

आणि ते नतद्रष्ट झाड तिथं फोफावलं. थोरली वरून बघायची. सहा-सात वर्षं तिच्या हातचं पाणी पिऊन गुडघ्याएवढं राहिलेलं झाड, धाकटीच्या मातीत सहा महिन्यांत तिच्या कमरेला लागलं. सासूबाई सकाळी तांब्यानं पाणी घालायच्या, धाकटी शेजारी उभी राहून काहीतरी सांगायची, आणि दोघींचं हसणं तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचं. सगळं कळून चुकलं होतं थोरलीला, चूक कुणाची तेही. म्हणून काही हेवा गेला नव्हता. उलट पूर्वी जावेचा वाटायचा, आता झाडाचाही वाटायला लागला.

एका संध्याकाळी स्वयंपाक उरकताना तिनं भाजी ढवळली, गॅस बारीक केला आणि मिठाच्या डब्यात हात घातला. हात तसाच थांबला. खालून तो हसण्याचा आवाज येत होता. तिनं हात झटकला, डब्यावर झाकण लावलं, पातेलं दोन फडक्यांत धरलं आणि ती निघाली. छत्तीस पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी भेटले. "काय हो, गॅस संपला का?" म्हणाले. "नाही," ती म्हणाली आणि उतरत राहिली.

धाकटीच्या स्वयंपाकघरात सासूबाई आणि धाकटी शेगडीपुढे उभ्या होत्या. थोरलीनं पातेलं ओट्यावर ठेवलं.

"आई, जरा मीठ बघता?"

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे. शेगडीवरच्या भाजीतला डाव त्यांनी तसाच धाकटीच्या हातात दिला. चमचा घेतला, फुंकर मारली, चव घेतली. बराच वेळ घेतली.

"कमी आहे," त्या म्हणाल्या.

"होय?"

"बरंच कमी आहे. असं कसं गं झालं तुझ्याकडून?" आवाजात खुशी मावत नव्हती. त्यांनी मिठाचा डबा ओढला, चिमूट टाकली, ढवळलं, पुन्हा चाखलं, आणखी अर्धी चिमूट. मग म्हणाल्या, "उद्यापण आण. तुझा अंदाज चुकायला लागलाय."

"आणते," थोरली म्हणाली.

पातेलं उचलताना तिचं लक्ष धाकटीकडे गेलं. हातात डाव धरून ती तशीच उभी होती. तिची भाजी खाली लागायला लागली होती आणि सासूबाईंचं तिकडे लक्षही नव्हतं. धाकटी हसत होती, पण ओठांच्या कडांनी. तो चेहरा थोरलीनं ओळखला. ओळखणार नाही तर काय, महिनोन्महिने तो तिनं स्वतःच वागवला होता. त्या चेहऱ्याखाली काय काय चाललेलं असतं, ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

लगेच दोन शब्द बोलून तिला मोकळं करावं, असं थोरलीला मनापासून वाटलं. पण त्याआधी क्षणभर तिला जे बरं वाटलं, तेही खरंच होतं. तो क्षण तिनं पुरेपूर घेतला. मग ती म्हणाली, "आई, हिची भाजी लागतेय बघा," आणि छत्तीस पायऱ्या चढायला लागली.